दात, हिरड्या आणि मुलांचा रोजचा आहार



पहिलीच्या वर्गावर काम करणाऱ्या प्रत्येकास एक प्रसंग परिचयाचा आहे. मधल्या सुट्टीत एखादे मूल पडलेला दात मुठीत धरून धावत येते आणि सारा वर्ग त्याच्याभोवती गोळा होतो. पडलेला दात सर्वांना दिसतो. परंतु त्याच सुमारास, म्हणजे वयाच्या साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे हिरडीतून एक नवी दाढ वर येत असते, तिच्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. तिच्या जागी आधी दुसरी दाढ नसते, त्यामुळे काही पडत नाही, दुखत नाही, रक्त येत नाही. वरच्या जबड्यात दोन व खालच्या जबड्यात दोन अशा या चार दाढा कायमच्या होत. पालक त्यांना दुधाच्याच समजतात, आणि त्यांवर काळा ठिपका दिसला तरी "पडेल, नवी येईल" असे म्हणून स्वस्थ बसतात. ती दाढ पडत नाही. काढावी लागली तर तिच्या जागी नवी येत नाही. ज्या वर्षी मूल आपल्या शाळेत पाऊल टाकते त्याच वर्षी ही दाढ त्याच्या तोंडात येते, म्हणून हा विषय आरोग्य खात्याइतकाच आपलाही आहे असे मी मानतो.

दाताला कीड लागते असे आपण म्हणतो. या शब्दामुळे मुलांच्याच नव्हे तर प्रौढांच्याही मनात एखादा वळवळणारा किडा उभा राहतो. काही ठिकाणी आठवडी बाजारात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातील किडे काढून दाखविणारे लोक बसत, आणि त्यांच्याभोवती गर्दीही जमे. ते किडे दातातले नसत. दातात किडा नसतोच. मुखात सदैव वास करणारे सूक्ष्म जंतू दातांवर एक चिकट थर धरून राहतात. आपण साखर, गूळ अथवा शिजविलेले पीठ खाल्ले की त्यातील शर्करेवर हे जंतू जगतात व आम्ल तयार करतात. दातावरील चकचकीत कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असला तरी आम्लापुढे त्याचा टिकाव लागत नाही; त्यातील कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार विरघळू लागतात. खाणे थांबले म्हणजे लाळ आपले काम सुरू करते. ती आम्ल धुऊन व मारून टाकते, आणि स्वतःजवळचे क्षार दाताला परत देऊन झालेली झीज काही अंशी भरून काढते. या कामास तिला अर्धा ते एक तास लागतो.

एवढी गोष्ट नीट ध्यानात घेतली म्हणजे पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. जे मूल दिवसातून तीन वेळा जेवते वा न्याहारी करते, त्याच्या दातांवर तीन वेळा आम्लाचा हल्ला होतो व मधल्या काळात लाळेला दुरुस्तीसाठी सवड मिळते. जे मूल सकाळी चहाबिस्कीट, शाळेत येताना दुकानातील गोळी, मधल्या सुट्टीत पाकिटातील नळ्या, घरी गेल्यावर पुन्हा टोस्ट व रात्री झोपताना साखरेचे दूध असा क्रम ठेवते, त्याच्या लाळेला सवडच मिळत नाही. सणाच्या दिवशी जेवणात पोटभर पुरणपोळी खाणाऱ्यापेक्षा रोज खिशात गोळ्या ठेवून दर तासाला एक चघळणाऱ्याचे दात अधिक किडतात. किती गोड खाल्ले याला महत्त्व आहेच, परंतु किती वेळा खाल्ले याला त्याहून अधिक आहे.

हे केवळ तर्काने काढलेले अनुमान नव्हे. स्वीडनमधील लुंड येथील विपेहोल्म नावाच्या मानसिक रुग्णालयात १९४५ पासून काही वर्षे यावर प्रयोग झाले व त्यांचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना जेवणाबरोबरच साखर दिली त्यांच्या दातांत फारशी कीड वाढली नाही. ज्यांना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या दिल्या त्यांचे दात झपाट्याने किडले. हे ज्ञान जगाला उपयोगी पडले हे खरे. तथापि ज्यांच्यावर प्रयोग झाला ते बौद्धिक अपंगत्व असलेले, स्वतःची संमती देऊ न शकणारे लोक होते, हेही सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही.

गुळाविषयी एक शब्द. साखर वाईट व गूळ चांगला, असा समज आपल्याकडे दृढ आहे, आणि तो शिक्षकांतही आढळतो. गुळात थोडे खनिज अधिक असते. परंतु दातावरील जंतूंना गूळ व साखर यांत भेद करण्याचे कारण नाही. उलट गूळ चिकटतो. शेंगदाण्याची चिक्की हे अन्न म्हणून उत्तम, दातांच्या दृष्टीने चिवट. कोठे कोठे शाळेत पूरक आहार म्हणून ती दिली जाते, तेव्हा ती नाकारण्याचे मुळीच कारण नाही. ती जेवणालगत द्यावी व नंतर सर्व मुलांना रांगेने खळखळून चुळा भरावयास लावाव्यात. चार घोट पाण्याने होणारे हे काम आहे.

आता दात घडविणाऱ्या अन्नाकडे वळू. येथे एक सावधगिरीची सूचना प्रथम देतो, कारण आपल्या तक्त्यांवर "दूध प्या, दात मजबूत करा" असे एका दमात लिहिलेले असते. जो दात उगवून वर आला त्याचे कवच पूर्ण झालेले असते. नंतर प्यालेल्या दुधातील कॅल्शियम रक्तावाटे त्या कवचात जाऊन बसत नाही. दातांची घडण हिरडीच्या आत, फार आधी होते. दुधाच्या दातांत क्षार भरण्यास आईच्या पोटात साधारण चौथ्या महिन्यात आरंभ होतो, आणि वर सांगितलेल्या सहाव्या वर्षाच्या दाढेचे काम मूल जन्मते त्या सुमारास सुरू होते. अक्कलदाढ सोडली तर कायमच्या सर्व दातांचे माथे वयाच्या आठव्या वर्षापर्यंत आत घडून तयार होतात. म्हणजे दातांसाठी आहाराचा खरा काळ हा गरोदर मातेचा, अंगणवाडीचा आणि पहिली-दुसरीचा होय. पुढेही कॅल्शियम लागतेच. दात ज्या जबड्याच्या हाडात रोवलेले असतात त्याला ते जन्मभर हवे.

सात ते नऊ वर्षांच्या मुलास दररोज सुमारे ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. हा आकडा फलकावर लिहिला की ज्या मुलांच्या घरी दूध डेअरीवर जाते व घरात चहापुरतेच राहते ती मुले माना खाली घालतात, हे मी अनेक वेळा पाहिले आहे. म्हणून त्याच फलकावर लगेच दुसरे आकडे लिहावेत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम, शेवग्याच्या पाल्यात ३०० हून अधिक, बिनसोल्या तिळात १,००० हून अधिक. कोकणातील व किनाऱ्यावरील शाळांनी त्यात काट्यासकट खाल्ली जाणारी सुकी मासळी जोडावी. नाचणी ही गरिबाची भाकरी म्हणून जिला कमीपणा आला, तिचे मोल मुलांना आकड्यांत दिसले की त्यांच्या चेहऱ्यात फरक पडतो.

अर्थात आकड्यांनाही मर्यादा आहेत. धान्यातील सर्वच कॅल्शियम शरीरास लागत नाही. नाचणीला मोड आणून तिचे सत्त्व केले म्हणजे अधिक लागू पडते, आणि आपल्या आजीबाई तान्ह्या मुलास हेच देत असत. पालकाच्या भाजीत कॅल्शियम दिसते पुष्कळ, परंतु त्यातील ऑक्झॅलेट ते धरून ठेवते. त्या मानाने शेवगा बरा. शिवाय कॅल्शियम आतड्यातून शोषले जावे यासाठी ड जीवनसत्त्व लागते व ते अंगावर ऊन घेतल्याने त्वचेत तयार होते. खेड्यातील मुलाला याची वाण सहसा नसावी. खेळाचा तास गणिताला देणाऱ्या शिक्षकांनी मात्र विचार करावा.

हिरड्यांचा विषय थोडा वेगळा आहे. १७४७ साली सॅलिसबरी नावाच्या इंग्रज जहाजावर जेम्स लिंड या वैद्याने हिरड्या सुजून रक्त वाहणाऱ्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला. ज्या दोघांना संत्री व लिंबे मिळाली ते काही दिवसांतच सुधारले. त्या फळांत काय होते हे कळण्यास मात्र पुढे पावणेदोनशेहून अधिक वर्षे लागली. ते क जीवनसत्त्व होय. हिरड्यांचा धागा विणला जातो तो त्याच्या साहाय्याने.

येथे मुलांची, व कधी कधी आपलीही, एक ठरावीक चूक होते. जे आंबट त्यात क जीवनसत्त्व, असे आपण धरून चालतो. चिंच आंबटढाण असते, पण तिच्यात ते नाममात्र असते. उलट दिवसभर चिंच चोखत राहिल्याने तिच्या आम्लाने दात आंबतात व झिजतात. गोड लागणाऱ्या पेरूत ते शंभर ग्रॅममागे सुमारे २०० मिलिग्रॅम, म्हणजे संत्र्याच्या कितीतरी पट. आवळा तर त्याच्याही पुढे. कोथिंबीर, शेवग्याचा पाला, बांधावरची बोरे यांतही ते भरपूर आहे. शिजविल्याने त्याचा बराच भाग नष्ट होतो, म्हणून फळ कच्चे खावे व कोथिंबीर आमटी उतरविल्यावर घालावी. मोरावळा कोणी पुढे केला तर मात्र तो साखरेच्या पाकात असतो हे विसरू नये.

तथापि हिरड्यांतून रक्त आले की क जीवनसत्त्व कमी, असा सरधोपट निष्कर्ष काढू नये. बहुतेक मुलांत त्याचे कारण दात व हिरडी यांच्या सांध्यात साचलेला जंतूंचा थर हेच असते. रक्त दिसले की मूल भिऊन दात घासणे सोडते, थर वाढतो, आणि रक्त अधिक येते. अशा वेळी घासणे थांबवावयाचे नसून मऊ ब्रशाने अथवा चांगल्या चावलेल्या कडुनिंबाच्या काडीने हलक्या हाताने चालू ठेवावयाचे असते. राखुंडी व विटेची भुकटी यांनी दात झिजतात. मशेरीविषयी तर काय लिहावे! ती भाजलेली तंबाखूच. आई लावते म्हणून मुलगी लावू लागते आणि त्याला दात घासणे असे नाव मिळते. मुलांस हे सांगताना आपल्या स्वतःच्या खिशात तंबाखूची पुडी नाही ना, हे ज्याने त्याने पाहावे.

आता मी माझ्या एका चुकीविषयी लिहितो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, सुमारे तीस वर्षांपूर्वी, मी एका माळावरच्या वस्तीतील द्विशिक्षकी शाळेत होतो. रोज परिपाठानंतर स्वच्छतेची तपासणी घेण्याचा माझा परिपाठच होता. नखे, केस, दात. तिसरीत एक मुलगी होती. तिच्या पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग व आडव्या रेषा होत्या. मी तिला रोज उभी करीत असे आणि "उद्या दात घासून ये" असे सर्वांसमोर सांगत असे. काही दिवसांनी ती ओठ मिटून बोलू लागली. मग वाचनाच्या तासाला वाचेनाशी झाली. एके दिवशी तिची आई शाळेत आली. चिडून नव्हे; ती म्हणाली, "गुरुजी, पोर राखेनं घासघासून हिरड्या सोलून घेतीय. डाग जात न्हाई. आमच्या समद्या वस्तीतल्या पोरांचं असंच हाय." तेव्हा प्रथमच मी वर्गाकडे नीट पाहिले. खरोखरच, त्या वस्तीवरून येणाऱ्या बहुतेक मुलांचे दात कमीअधिक तसेच होते, आणि गावातल्या मुलांचे नव्हते. वस्तीवर नव्याने झालेल्या बोअरचा हातपंप होता. गाव जुन्या विहिरीचे पाणी पीत होते.

पुढे पाण्याची तपासणी झाली व त्यात फ्लोराइड मर्यादेहून अधिक निघाले. या विकारास दंत-फ्लुरोसिस म्हणतात. भारतात तो १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात प्रथम नोंदला गेला. आपल्या राज्यात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड, बीड इत्यादी जिल्ह्यांच्या काही भागांतील खोल भूजलात तो आढळतो. पाण्यात दर लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत. थोडे फ्लोराइड दाताचे कीडीपासून रक्षण करते, परंतु अधिक झाले की हिरडीच्या आत घडत असलेल्या दाताचे कवचच बिघडते. तो डाग वरून बसलेला नसतो, आतून आलेला असतो. कोणत्याही घासण्याने तो जाणार नाही. मी त्या मुलीला जे रोज सांगत होतो ते करणे कोणालाही शक्य नव्हते.

मी तिची वर्गासमोर क्षमा मागितली. ती पुन्हा वाचू लागली, परंतु ओठांवर हात ठेवून वाचण्याची तिची सवय चौथी संपेपर्यंत गेली नाही.

म्हणून आपणांस माझी विनंती आहे की एकाच वस्तीवरील अनेक मुलांच्या दातांवर दोन्ही बाजूंस सारखे पांढरे खडूसारखे वा तपकिरी डाग दिसले, तर मुलांस बोल न लावता प्रथम त्यांच्या पाण्याचा विचार करावा. ग्रामपंचायतीस व आरोग्य केंद्रास लेखी कळवून पाण्याचा नमुना फ्लोराइडसाठी तपासून घ्यावा. जंतूंची नेहमीची तपासणी पुरेशी नव्हे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी व चुना वापरून ते कमी करण्याची 'नलगोंडा' नावाची पद्धत बसविली आहे. परंतु तिची मात्रा पाणी तपासूनच ठरते, तेव्हा शाळेने स्वतः असे प्रयोग करू नयेत. पिण्यापुरते का होईना, निराळ्या विहिरीचे किंवा साठविलेले पावसाचे पाणी मिळविणे हा सरळ उपाय. आणि येथेही आहार उपयोगी पडतो. अन्नात कॅल्शियम पुरेसे असेल तर ते आतड्यात फ्लोराइडला बांधून शरीरात शिरू देत नाही. म्हणून अशा वस्तीवरील लहान मुलांना दूध, ताक, नाचणी, तीळ, शेवगा यांची व त्याबरोबर पेरू-आवळ्याची गरज इतरांपेक्षा अधिक असते. जे दात अजून आत घडत आहेत ते यामुळे वाचू शकतात. उगवलेल्या दातांवरचे डाग मात्र राहतात, हे मुलांना स्पष्ट व प्रेमाने सांगावे.

तिसरी-चौथीसाठी पाठ घ्यावयाचा असेल तर साहित्य फार लागत नाही. शहाबादी फरशीचा एक सुटा तुकडा घ्यावा व त्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे येतात. काही वेळाने पुसले की तेथील गुळगुळीतपणा गेलेला बोटाला कळतो. (प्रयोग व्हरांड्यात बसविलेल्या फरशीवर करू नये. मी केला होता, व मुख्याध्यापकांनी पुष्कळ दिवस तो डाग मला दाखविला.) अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्यास दोन दिवसांत मऊ पडते. फळ्यावरचा खडू मात्र यासाठी वापरू नये. आजकालचे बहुतेक खडू जिप्समचे असतात, ते फसफसत नाहीत आणि शिक्षकाची फजिती होते. फरशी व कवच हे दातासारख्याच पदार्थाचे नव्हेत, दोन्हींत कॅल्शियम आहे व दोन्हींना आम्ल खाते एवढेच साम्य आहे, हेही चौथीच्या मुलांस सांगण्यास हरकत नाही.

नंतर प्रत्येक मुलास भाकरीचा एक घास न गिळता दोन मिनिटे चावावयास सांगावे. तो हळूहळू गोड लागू लागतो. लाळ पिठाची शर्करा करते, हे मुलांस स्वतःच्या जिभेवर समजते. मग बिस्किटे व पाकिटातील खारट नळ्याही दाताला का लागतात हा प्रश्न ती आपणच विचारतात. शेवटी अर्ध्या मुलांस बिस्कीट व अर्ध्यांस गाजराचा वा काकडीचा तुकडा द्यावा, आणि जोड्या करून एकमेकांचे दात पाहावयास लावावे. चुळा भरल्यावर पुन्हा पाहावे. या पाठात मी कधी मुलांना शांत बसा असे सांगितलेले नाही, आणि सांगून उपयोगही झाला नसता.

वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटण्याची पद्धत खेड्यांतही पोचली आहे. चाळीस मुलांच्या वर्गात तो जवळजवळ दर आठवड्याचा कार्यक्रम होतो. बंदी घालण्यापेक्षा पालकांशी बोलून बदल घडवावा. एका शाळेने पेरूच्या फोडी व भाजलेले शेंगदाणे सुरू केले आहेत आणि मुलांची काही तक्रार नाही. परसबाग असलेल्या शाळांनी शेवग्याची दोन झाडे कुंपणालगत लावावीत. फांदी खोचली तरी ते झाड रुजते व पाला शालेय पोषण आहाराच्या आमटीत घालता येतो. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना तो आमटीत शेवटी घालण्याविषयी मात्र आठवण द्यावी लागेल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. पण पथकापाशी वेळ थोडा असतो. पथक येण्यापूर्वी वर्गशिक्षकांनी पहिली ते चौथीच्या मुलांची मागची दाढ उजेडात पाहून ज्यांवर काळा ठिपका वा खड्डा असेल त्यांची नावे, आणि डागांचे दात असलेल्या मुलांची नावे त्यांच्या पाण्याच्या स्रोतासह, स्वतंत्र कागदावर तयार ठेवावीत. ही यादी वर्गात मोठ्याने वाचू नये. तिची एक प्रत पुढील केंद्रसंमेलनास येताना सोबत आणावी. ज्या वस्त्यांची नावे एकाहून अधिक वेळा येतील तेथील पाण्याचे नमुने एकत्रच पाठविता येतील.